बघायला म्हणून साताऱ्याला

दुपारची भांडी आवरून बसलेल्या, शिलाई मशीन थांबवून ऐकणाऱ्या, रानात मोबाइलवर रेडिओ लावलेल्या सगळ्या तायांना आणि आयांना आमचा रामराम.

मागच्या काही भागांत आपण हप्त्यांबद्दल बोललो, शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो. आज सहलीबद्दल बोलू. हसू नका. सहल हासुद्धा गटाच्या कामाचाच विषय आहे. का, ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

आम्ही माण तालुक्यातल्या बायका. सातारा आमचं जिल्ह्याचं गाव, एसटीनं दोन-अडीच तासांवर. एका मासिक बैठकीत हिशेब संपल्यावर आम्ही सहज विचारलं, "साताऱ्याला कोण कोण जाऊन आलंय?" चौदाच्या चौदा हात वर झाले. मग विचारलं, "कशाला गेला होता?" कुणी सिव्हिल हॉस्पिटलला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी नणंदेच्या बाळंतपणाला, कुणी जमिनीच्या कागदासाठी. मग तिसरा प्रश्न विचारला, "नुसतं बघायला कोण गेलं होतं?" एकही हात वर झाला नाही.

आमच्या गटातली साठी ओलांडलेली मावशी म्हणाली, "बघायला लोक पोरीला येतात. बाई कुठं जाते बघायला?"

सगळ्या हसल्या. पण एक ताई हसली नाही. तिची मुलगी बारावीत होती आणि त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते. त्या ताईबद्दल पुढं सांगूच. त्या दिवशी मात्र एवढं ठरलं की आपण साताऱ्याला जायचं, आणि कुठल्याही कामाशिवाय, फक्त बघायला जायचं.

सातारा कशासाठी?

सातारा डोंगरांच्या मधे वसलेलं आहे. सात डोंगरांवरून त्याला सातारा नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. डोक्यावर अजिंक्यतारा किल्ला, पश्चिमेला यवतेश्वराचा घाट, त्याच्या वर कासचं पठार, आणि एका अंगाला सज्जनगड. आणि डोंगराच्या या कुशीत शाळा, कॉलेजं, वसतिगृहं दाटीनं उभी आहेत. रयत शिक्षण संस्थेचं मुख्य ठिकाण इथंच. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये इथंच सुरू झालं. सकाळी एसटी स्टँडवर उतरलं की निम्मी गर्दी दप्तरं पाठीला लावलेल्या मुलामुलींची असते. संध्याकाळी तीच मुलं अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर फिरायला आलेली दिसतात. दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी इथं यवतेश्वराच्या घाटातून डोंगरावर पळण्याची मोठी स्पर्धा होते. तिला हिल मॅरेथॉन म्हणतात, आणि तिच्यात बायकाही पळतात.

म्हणजे डोंगर, शिक्षण, इतिहास आणि देवस्थान, सगळं एकाच गावात. आणि आपल्याच जिल्ह्यात. आमच्या माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आम्ही पेढे वाटतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरला, पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका जिल्ह्याची दोन टोकं इतकी वेगळी, आणि आम्ही आयुष्यभर एकच टोक पाहिलेलं.

पैसे कुठून आणायचे?

पहिला वाद पैशावरूनच झाला. एक ताई म्हणाली, "गटाच्या बचतीतनं घेऊ, आपलेच पैसे आहेत." इथं सगळ्यांनी नीट ऐका. बचत, फिरता निधी आणि बँकेचं कर्ज, या तिन्हींतला एक रुपयाही सहलीला वापरायचा नाही. बचत अंतर्गत कर्जासाठी आहे, उद्या कुणाची बियाण्याची किंवा दवाखान्याची गरज त्यावर भागते. फिरता निधी आणि बँकेचं कर्ज ज्या कामासाठी मिळतं, त्याच कामाला लागलं पाहिजे. नाहीतर हिशेब तपासणीत गट अडचणीत येतो, आणि गावाला बोलायला निमित्त मिळतं ते वेगळंच.

आम्ही काय केलं ते सांगतो. बैठकीत ठराव लिहिला. बचतीशिवाय दर महिन्याला साठ रुपये, वेगळ्या पानावर, "सहल निधी" म्हणून. बारा महिन्यांत एका बाईचे ७२० रुपये झाले आणि चौदा जणींचे मिळून १०,०८०. ठरावातच लिहून ठेवलं की जिला ऐनवेळी येता आलं नाही तिला तिचे पैसे परत मिळतील, आणि शिल्लक राहिली तर ती पुढच्या सहलीच्या खात्यात राहील. महिन्याला साठ म्हणजे दिवसाला दोन रुपये. "दोन रुपयात तर बिस्किटाचा पुडापण येत नाही," असं म्हणत सगळ्यांनी भरले.

प्रवास एसटीनं केला. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पंच्याहत्तरच्या पुढच्या आजींना तर तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवायचं. खासगी जीप ठरवली असती तर सगळे पैसे तिच्यातच गेले असते. हे अर्धं तिकीट दवाखान्याला जाताना चालतं, तसंच फुलं बघायला जातानाही चालतं.

पहिली खेप फसली

आता आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही निघालो तो रविवार होता, सप्टेंबरचा. पोरांना शाळेला सुट्टी, नवरेही घरी, म्हणून रविवार धरला. आणि कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत आधी नोंदणी करावी लागते, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा असते, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. घाटात गाड्यांची रांग लागलेली. वर पोचलो तेव्हा त्या दिवसाची संख्या पूर्ण झाली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून चटणी-भाकरी खाल्ली आणि खाली आलो.

परत येताना मावशी म्हणाली, "बघायला गेलो आणि न बघता आलो. पाहुण्यांचंपण असंच करायला पाहिजे, दारातनंच परत." पुन्हा सगळ्या हसल्या. पण राग आमचा आम्हालाच आला होता. समन्वयक म्हणवतो आणि साधी चौकशी केली नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही मंगळवार धरला. गटातल्या एका मुलीनं मोबाइलवरून सगळ्यांची नोंदणी केली. प्रवेशाचं शुल्क बदलत असतं, म्हणून तेही तिनं तिथंच पाहून घेतलं. तेव्हा ध्यानात ठेवा: आधी नोंदणी, शनिवार-रविवार टाळायचा, आणि परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायची.

कासचं पठार: इंचभर मातीतला संसार

सातारा स्टँडवरून बामणोलीकडं जाणारी एसटी कासवरून जाते. शहरापासून कास साधारण पंचवीस किलोमीटर. घाट चढताना आमच्या निम्म्या जणींचे कान बंद झाले. वर धुकं होतं. धुकं विरलं आणि समोर जे दिसलं त्यानं बोलणंच बंद झालं. जांभळं, गुलाबी, पांढरं, पिवळं. कुणी मुद्दाम पेरलेलं नाही, कुणी पाणी दिलेलं नाही.

तिथं माहिती सांगायला आजूबाजूच्या गावांतले लोक असतात. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन समित्या वन विभागाबरोबर हे पठार सांभाळतात. गावातल्या तरुणांना फुलांच्या दिवसांत त्यातून काम मिळतं. आम्ही एक माहितगार सोबत घेतला, आणि त्यानं जे सांगितलं ते आम्हा कोरडवाहूवाल्या बायकांना फार लवकर कळलं.

हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट कातळ आहे. त्यावर माती जेमतेम, कुठं इंचभर, कुठं तेवढीपण नाही. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही. पावसाळ्यात कातळावर पाणी साचतं, पावसाळा संपला की सगळं वाळून दगड तापतो. म्हणजे जगायला मिळतात तीन-चार महिने. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मोकळं व्हायचं. म्हणून सगळी झाडं बुटकी आणि सगळ्यांना घाई. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा येतो, त्यामुळं दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग बदललेला दिसतो. इथं साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे.

काही नावं सांगतो. गुलाबी तेरडा तुम्ही ओळखाल. पिवळी सोनकीही ओळखीची. गोल पांढरे गुंड्यांसारखे गेंद. आणि जांभळट निळी सीतेची आसवं. नाव ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींनी हात जोडले. पण माहितगार म्हणाला, ही आसवं दिसायला नाजूक आहेत, पण ती किडे खातात. त्या झाडाला मातीखाली ओल्या जागेत बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले अगदी लहान जीव अडकतात. दुसरं एक झाड दवबिंदू नावाचं. त्याच्या पानावर दवासारखे चिकट थेंब असतात, त्यावर बसलेला किडा सुटत नाही. असं का? तर त्या मातीत कस नाही. नत्र मिळत नाही. म्हणून ही झाडं किड्यांतून नत्र घेतात.

मावशी तिथंच खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माती देत नाही म्हटल्यावर दुसरीकडनं मिळवायचं. आपण शेळ्या पाळल्या त्यातलंच हे."

टोपली कारवी नावाचं झुडूप इथं सात वर्षांनी एकदा फुलतं. ज्या वर्षी फुलतं त्या वर्षी डोंगर जांभळा होतो. आम्ही गेलो ते वर्ष तिचं नव्हतं.

कासचं हे पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, पश्चिम घाटाचा भाग म्हणून नोंदवलं गेलं. म्हणजे ताजमहालाला जो मान, तो या इंचभर मातीला. म्हणून तिथले नियम पाळायचे. आखलेली वाट सोडायची नाही. फुलांत बसून फोटो काढायचा नाही, कारण माती इतकी पातळ आहे की एका बाईच्या बसण्यानं ती दबते आणि पुढच्या वर्षी तिथं काही उगवत नाही. फूल तोडून केसात माळायचं नाही. आमच्यातल्या एकीनं सवयीनं हात पुढं केला होता, आणि बारावीतल्या त्या मुलीनं तिचा हात धरला. "आत्या, बी पडू दे की तिचं," म्हणाली.

हो, ती मुलगी आमच्याबरोबर आली होती. तिच्या आईनं स्वतःच्या सहल निधीशिवाय मुलीचेही साठ रुपये वर्षभर वेगळे भरले होते, घरात न सांगता.

पठारापासून थोडं पुढं कासचा तलाव आहे. सातारा शहराला त्यातून पाणी मिळतं. टँकरच्या मागं पळालेल्या बायकांनी तो तलाव किती वेळ बघितला असेल ते तुम्हीच ओळखा.

रात्र सज्जनगडावर

कासहून परत साताऱ्याला आलो आणि तिथून सज्जनगडची एसटी धरली. रात्री गडाचा दरवाजा बंद होतो, म्हणून दिवस मावळायच्या आत पोचायचं. वर पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्या दोघींना मधे मधे बसवत नेलं. राहायला भक्तनिवास आणि जेवायला महाप्रसाद, त्यामुळं मुक्कामाचा खर्च फार नाही. जेवढं जमलं तेवढी देणगी गटाच्या नावानं दिली आणि पावती घेतली. पावती घ्यायला विसरायचं नाही, हिशेबाला लागते.

सज्जनगड म्हणजे समर्थ रामदासांची समाधी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गडावर वेणाबाई आणि अक्काबाई यांची वृंदावनंही आहेत, याची आम्हाला कल्पना नव्हती. दोघी समर्थांच्या शिष्या. वेणाबाई लहानपणीच विधवा झालेली. त्या काळात अशा बाईनं घराच्या कोपऱ्यात बसायचं. ती चारचौघांत उभी राहून कीर्तन करू लागली आणि पुढं मिरजेचा मठ तिनं सांभाळला. अक्काबाईंनी समर्थांच्या मागं या गडावरचा कारभार पाहिला. साडेतीनशे वर्षांपूर्वी मठाचा कारभार बाईच्या हातात होता. आणि आपल्या गावात आजही गटाच्या अध्यक्षाला लोक विचारतात, "तुमचे मालक कुठं आहेत?"

रात्री चौदा जणी आणि एक मुलगी ओळीनं झोपलो. भाकरी थापायची नव्हती, धार काढायची नव्हती, कुणाला पाणी तापवून द्यायचं नव्हतं. एक ताई म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली. स्वयंपाक न करता झोपलेली ही पहिली रात्र. बाळंतपणं सोडून." यावर कुणी हसलं नाही.

पहाटे उठून तटावर गेलो. खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं आणि त्यावर ढग. तिथं बसून सगळ्यांनी नुसतं बघितलं. अर्धा-पाऊण तास. बस एवढंच.

एका मंगळसूत्राची गोष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात आलो. आता आमच्या सहलीतला मुख्य भाग सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. इथं त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं. सगळ्यांची एकच पंगत, एकच भात, एकच आमटी. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. धनिणीच्या बागेतलं शाहू बोर्डिंग ते हेच.

आता या मुलांना रोज खायला कोण घालत होतं? भाऊरावांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. माहेर-सासर दोन्हीकडं सोवळं-ओवळं पाळणारं घर. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि कुठल्या कुठल्या जातींची मुलं आपल्या पोटच्यांसारखी सांभाळली. पैसे संपले की अंगावरचा एकेक दागिना निघत गेला. सगळे दागिने गेले आणि एक दिवस मुलांच्या जेवणाला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचं पुढं झालेलं मोठं झाड त्यांनी पाहिलंच नाही. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे. आज तिच्या शाळा-कॉलेजांची संख्या शेकड्यांत आहे. आमच्या दहिवडीचं कॉलेजही त्याच झाडाची पारंबी.

पुढं १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. ज्यांच्याकडं फीला पैसे नाहीत त्यांनी काम करायचं आणि शिकायचं. "कमवा व शिका" म्हणतात ती योजना. मुलांनी शेतात काम केलं, बांधकामाला हात लावला आणि पदव्या घेतल्या. आता हे कॉलेज, सायन्सचं आणि कॉमर्सचं अशी तीन कॉलेजं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे.

समाधीपुढं उभं राहून आम्ही ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. सांगून झाल्यावर बारावीतल्या मुलीच्या आईचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिनं त्याच वर्षी मुलीच्या लग्नासाठी म्हणून दागिने करायला गटातून कर्ज मागितलं होतं. आम्ही ते लिहून घेतलं होतं, पुढच्या बैठकीत मंजूर व्हायचं होतं.

नंतर आम्ही एका कॉलेजात गेलो. आधी गटाच्या लेटरहेडवर पत्र पाठवून परवानगी घेतली होती. तुम्हीही तसंच करा, न सांगता गेलं तर फाटकावर अडवतात. तिथल्या बाईंनी प्रयोगशाळा दाखवली, ग्रंथालय दाखवलं, मुलींचं वसतिगृह कुठं आहे ते दाखवलं. मधल्या सुट्टीत मुली गाड्यांवरून येत होत्या, हसत होत्या, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात कसल्याशा नाटकाचे कागद. आमची मुलगी ग्रंथालयाच्या दारातच उभी राहिली. तिला म्हटलं, "आत जा की." ती म्हणाली, "चपला काढू का?"

तिची आई मात्र सरळ कार्यालयाच्या खिडकीशी गेली. आम्ही मागं उभे होतो, पण बोललो नाही. तिनं स्वतः विचारलं: बारावीनंतर प्रवेश कधी, फी किती, सवलत कशाची, वसतिगृहाला काय कागद लागतात. चारही प्रश्न आदल्या रात्री गडावर मुलीनं तिला कागदावर लिहून दिले होते.

मैत्रिणींनो, हे प्रश्न तुम्हीपण पाठ करा. महाराष्ट्रात २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली असेल, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. मुलगी नेमकं काय शिकणार आणि त्याला कोणती सवलत लागू, हे कॉलेजच्या खिडकीवर विचारायचं. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवायचा. निकालानंतर तहसीलला रांग लागते.

बाईनं बांधलेली विहीर

दुपारी वडापच्या जीपनं लिंब गावाला गेलो. तिथं बारा मोटांची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट रुंद. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणजे बारा ठिकाणी बैल कातड्याच्या मोटेनं पाणी ओढायचे, आणि ते पाणी आमराईला जायचं. विहिरीत उतरायला जिना, भिंतीवर कोरलेले हत्ती-वाघ, आणि विहिरीच्या अंगातच बांधलेला छोटा महाल. आजही पाणी आहे. कुणी घाई केली नाही. पायऱ्यांवर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

साताऱ्याला परत येऊन कंदी पेढे घेतले. त्यातही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. या पेढ्याचा खवा बराच वेळ खरपूस भाजतात. त्यातला ओलावा उडतो, रंग तपकिरी होतो, आणि म्हणून तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. दुधाचा धंदा करणाऱ्या आमच्या दोन ताया दुकानदाराशी याच विषयावर बराच वेळ बोलत होत्या.

परतीची एसटी कोरेगावच्या रस्त्यानं निघाली की संगम माहुलीला कृष्णा लागते. तिथं कृष्णा आणि वेण्णा मिळतात. औरंगजेबाच्या फौजेला सात वर्षं झुंजवणाऱ्या महाराणी ताराबाईंची समाधी तिथंच आहे. आम्ही खिडकीतूनच हात जोडले. दोन दिवसांत किती बायका भेटल्या बघा: वेणाबाई, अक्काबाई, लक्ष्मीबाई, वीरूबाई, ताराबाई. साताऱ्याला आम्ही कितीतरी वेळा गेलो असू, पण या आम्हाला कधी भेटल्या नव्हत्या, कारण आम्ही हॉस्पिटलाच्या आणि कोर्टाच्या पलीकडं गेलोच नव्हतो.

तुम्ही निघताना

थोडक्यात यादी सांगतो, लिहून घ्या. कासला जायचं तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, पण पावसावर पुढं-मागं होतं, आधी चौकशी करा. पायात बूट हवेत, चपला चिखलात राहतात. आम्ही साडीवर बूट घातले, पहिले दहा मिनिटं लाजलो, मग विसरलो. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट बरा. रोजच्या गोळ्या, पॅड, आधार कार्ड आणि घरचा एक फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकीजवळ. वर चढायच्या आधी सातारा स्टँडवर लघवीला जाऊन घ्या, लाजू नका. आणि पैसे दोघींकडं विभागून ठेवा, खर्च तिसरीनं लिहायचा.

आमचा सगळा हिशेब झाल्यावर ८६० रुपये उरले. ठरावाप्रमाणं ते पुढच्या सहलीच्या पानावर गेले. पुढच्या वर्षी नायगावला जायचं ठरलंय, खंडाळा तालुक्यात. सावित्रीबाईंचं जन्मगाव, तेही आपल्याच जिल्ह्यातलं.

आणि ती ताई? पुढच्या बैठकीत तिनं दागिन्यांचा कर्जाचा अर्ज मागं घेतला. "आत्ता नको," एवढंच म्हणाली. घरी बरंच बोलणं झालं असणार, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. लग्नाची बोलणी बारावीच्या निकालापर्यंत थांबली आहेत. निकालानंतर काय होईल, ते आज आम्ही सांगू शकत नाही. पण उत्पन्नाचा दाखला काढायला मायलेकी दोघी मिळून तहसीलला जाऊन आल्या, हे खरं.

मावशीला परवा विचारलं, "मावशी, सातारा कसा वाटला?" ती म्हणाली, "डोळे भरून बघितला. आता कुणी बघायला आलं तर सांगीन, पोरगी घरी नाही, बघायला गेलीय."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही तो तिसरा प्रश्न विचारा. किती हात वर होतात ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर रामराम.